रविवारची घूंघूं

जर्मनीतल्या लाइपझिगच्या आमच्या इमारतीत रविवारी आवाज करायचा नाही, कुणी भिंतीत खिळाही ठोकत नाही, नियमच आहे. पण त्या नियमाच्या नावाखाली ड्रोस्टे नावाच्या भाडेकरूनं आपल्या शेजारच्या केटेलरबाईंना जो जाच केला, तो आठवला की माझ्या तळपायाची आग मस्तकात जाते.

बाई जन्मभर ट्राम चालवून निवृत्त झालेल्या. त्यांच्या दिवाणखान्यात खाऱ्या पाण्याची काचेची टाकी, तिच्यात जिवंत प्रवाळ आणि मासे. पाणी घुसळणारे पंप अखंड चालू.

“रविवारी तरी ती घूंघूं बंद करा. माशांनाही सुट्टी द्या की!” ड्रोस्टे दारात येऊन म्हणाला.

“अहो, प्रवाळ जागचं हलत नाही. पाणीच त्याला घास भरवतं. थांबलं तर जीव जाईल त्याचा!”

“नियम म्हणजे नियम.”

बाईंनी पंप बंद केले. मी तिथेच होते. थोड्या वेळानं प्रवाळ मिटलं, मासे वर येऊन तोंडं वासू लागले. तेवढ्यात पुन्हा बेल वाजली. “घूंघूं अजून येतेच आहे!” ड्रोस्टे ओरडला.

बाईंनी आधी पंप सुरू केले. मग तडक त्याच्या स्वयंपाकघरात शिरून त्याच्या जुनाट फ्रिजचा प्लग उपटला. पंप चालू असूनही त्याचं घर गपगार झालं.

“घ्या,” बाई म्हणाल्या, “आता पाळा रविवार!”