गुरुवारचे गंध

धारच्या पाठशाळेतून निवृत्त होऊन मी देवासला मुलाकडे राहावयास आलो, तेव्हापासून माझ्या सहाणेवरील चंदनाला दोन वाटेकरी झाले: एक देव आणि दुसरी सूनबाई.

ती औषधी द्रव्ये बनविणाऱ्या कारखान्यात आहे. तेथील टाक्यांत स्फटिकांचे बारीक कण द्रवात तरंगत असतात. ते किती झाले हे पाहण्यासाठी वारंवार झाकण उघडून नमुना काढावा लागतो. त्याऐवजी सूनबाईने एक दांडी सिद्ध केली होती. दांडीच्या खाचेत शिरलेल्या द्रवातून प्रकाश पार होतो; पलीकडे कोणता रंग किती पोहोचला, यावरून कणांचा अंदाज येतो. मात्र टाकी तापली की दांडीचे आकडे भरकटत. शुक्रवारी वरिष्ठांसमोर अखेरची चाचणी होती. ती फसली असती, तर दांडी कायमची कपाटात गेली असती.

आदल्या सकाळी पूजा आटोपताच तिने सोमवारपासूनच्या क्रमाप्रमाणे, स्फटिकांच्या जागी म्हणून, उरलेले गंध पाण्यात कालवले आणि दांडी बुडविली.

"मामंजी, आज गंध जास्त दिलंत का?"

"नाही ग. रोजच्याइतकेच आहे."

"मग कालच्या दुप्पट का दाखवतंय? गई मेहनत पानी में!"

"पाण्यातच तर आहे," स्वयंपाकघरातून चिरंजीव वदले. तिने त्याच्याकडे पाहिलेही नाही.

मी म्हणालो, "आज गुरुवार. दत्तमहाराजांसाठी केशर उगाळले आहे."

"अहो, मग सांगायचं तरी!"

"मी इथे आलो तेव्हापासून दर गुरुवारी तेच लावतेस. आत्ताही लावले आहेस."

तिचा हात कपाळाकडे गेला. बोटावरची पिवळसर छटा तिने उजेडात धरून पाहिली.

"टाकी तापली की तिथलं पाणीही असंच पिवळं होतं," ती हळूच म्हणाली. "पिवळा रंग निळा प्रकाश गिळतो, आणि मी निळ्यावरूनच कण मोजत होते! लाल प्रकाश तो गिळत नाही. त्याला अडवतात ते फक्त कण."

तिने संगणकावर तांबड्या प्रकाशाचा हिशेब मांडला. आकडा कालच्या आकड्याशी जुळला. मला वाकून नमस्कार करून, चहा तसाच टाकून ती निघाली.

शुक्रवारी माझे जपात मन नव्हते, हे मान्य करतो. दुपारी फोन वाजला.

"मामंजी, टाकी पिवळी झाली, पण आकडा हलला नाही! सगळ्या टाक्यांना दांडी बसवणार आहेत."

मी देवापुढे साखर ठेवली.

रविवारी सकाळी ती पुन्हा वाटी घेऊन सहाणेपाशी बसली. मी चंदनाचे खोड हाती घेतले.

"केशरही घाला हं, मामंजी. साधं गंध तर कोणीही मोजेल."

गुरुवार नव्हता. देवाची अनुज्ञा मागून मी केशराची डबी उघडली.