आईच्या भुकेच्या शोधात: डिलाईल रोड ते वरळी कोळीवाडा

दीर्घायुष्याचं गुपित शोधायला लोक जपानला जातात. मी ठाण्याहून परळला गेले! हसू नका, आधी पूर्ण वाचा.

कारण होतं आई. ऐंशीला टेकलेली माझी आई दोन वर्षांपूर्वी डिलाईल रोडची चाळ सोडून आमच्या बाविसाव्या मजल्यावर राहायला आली आणि तिची भूकच गेली. रिपोर्ट सगळे नॉर्मल, वजन मात्र सात किलोंनी कमी. ओट्स झाले, सूप झालं, पावडरी झाल्या. दोन घास खायची आणि ताट सरकवायची. डॉक्टर म्हणाले, "असंच चाललं तर कठीण आहे." त्या दिवशी मी खरंच घाबरले. मग वाटलं, आमच्या जुन्या भागात नव्वदीचे लोक अजून खणखणीत आहेत, ते काय खातात ते बघून यावं आणि तेच घरी सुरू करावं. शनिवारी सकाळी आईला विचारलं, "येतेस?" तिने भिंतीकडे तोंड केलं. मी वही घेऊन निघाले.

परळला उतरलात की डिलाईल रोडपर्यंत चालतच जा. इकडे रिक्षा मिळत नाही आणि टॅक्सीवाले एवढ्याशा अंतराला नाकं मुरडतात. माझी शाळेतली मैत्रीण सुजाता अजून तिथल्याच चाळीत राहते. तिचे आजोबा ब्याण्णव वर्षांचे, गिरणीत आयुष्य काढलेले. तिसऱ्या मजल्यावर पोहोचेपर्यंत मला धाप लागली आणि मागून दुधाची पिशवी घेऊन आजोबा मला ओलांडून वर गेले!

"जयभीम बाळा. दमानं ये, घाई नाय."

जेवणात ज्वारीची भाकरी, सुकटीची चटणी, पातळ डाळ आणि कांदा. एवढंच, पण काय चव! मी तीन भाकऱ्या हाणल्या. आजोबांनी दीड. रात्रीचं जेवण दिवेलागणीलाच उरकतात, असं सुजाताने सांगितलं. मी भराभर लिहून घेतलं.

"आजोबा, खरं गुपित काय ते सांगा ना."

"गुपित कसलं? खालच्या बुद्धविहाराची चावी माझ्याकडं असते. सकाळी साडेसहाला दार मीच उघडतो. पाच मिन्टं उशीर झाला तर लोक वर बघायला येतात, म्हातारा हाय का गेला म्हणून."

आम्ही पोट धरून हसलो. वहीत मी लिहिलं: ज्वारी, सुकट, लवकर जेवण. अक्कल बघा माझी!

मुक्काम सुजाताकडेच केला आणि रविवारी सकाळची पहिली बस पकडून वरळी गाठली. कोळीवाड्यात गाडी नेण्याच्या भानगडीत पडू नका, गल्लीत दोन माणसं समोरासमोर आली तर एकाला अंग चोरावं लागतं. आठच्या आत पोहोचा. सुकत घातलेली मासळी, रंगवलेली दारं, किल्ल्याच्या अंगाने येणारा वारा. मी तर हरखूनच गेले!

इथे मला भेटायचं होतं हिराबायला. चाळीस वर्षं ती डोक्यावर पाटी घेऊन आमच्या चाळीत यायची. आता नव्वदीच्या घरात आहे, पाटी सुटली, पण दारातच सुके बोंबील मांडून उकिडवी बसलेली. मी उकिडवी बसले तर उठताना खांबाला धरावं लागलं. तिने मला तांदळाची भाकरी आणि ताज्या मांदेलीचं आंबट कालवण वाढलं. तेल नावालाच. बोटं चाटत मी आईचं सगळं सांगितलं.

"आय जेवत नाय? मंग मासली कोन घेते घरान?"

"मोबाइलवरून मागवतो. साफ करूनच येते."

हिराबाय माझ्याकडे बघतच राहिली. "मंग ती भांडते कोनाशी गो?"

मग हिराबायने बोंबील बांधून दिले. पैसे घेतले, गंमत म्हणजे घासाघीस न करता.

घरी येऊन पुडी आईसमोर ठेवली. तिने ती सहज सोडली, एक बोंबील वाकवला, दुसरा नाकाशी नेला आणि ताडकन उठून बसली.

"हे बघ! मधे चार ओले सारलेत. हिरा मला फसवते? मला?"

"अगं, राहू दे..."

"राहू दे काय? तुला ठकवलं असेल, मला नाही ठकवायची. घेऊन चल मला तिकडे."

कित्येक महिन्यांनी प्रथमच आईचा आवाज चढला होता आणि मला रडू येत होतं. पुढच्या रविवारी टॅक्सी करून तिला कोळीवाड्यात नेलं. हिराबायने लांबूनच आरोळी ठोकली, "आली गो माजी वैरीन!" मग दोघी तासभर भांडल्या. बोंबलांवरून, पापलेटावरून, वीस वर्षांपूर्वीच्या कुठल्याशा सडक्या कोळंबीवरून. आईने सगळी पुडी उपसून एकेक बोंबील पारखून घेतला. निघताना हिराबायने तिचा हात धरला.

"ते चार मीच घातलेले. नायतर आली असतीस?"

आई टॅक्सीत पिशवी मांडीवर घट्ट धरून बसली होती.

तुम्ही जाणार असाल तर जरूर जा. दोन दिवसांची ही सहल बस, चहा, जेवण धरून स्वस्तातच होते. भाकरी, कालवण, लवकर जेवण, सगळंच घेण्यासारखं आहे आणि आम्ही ते घेतलंही. पण आजोबांच्या हातात विहाराची चावी आहे, तशी आईच्या हातात काय उरलंय, हे आधी विचारायला हवं होतं, हे मला उशिरा कळलं. आता मासळीचं ॲप मी मोबाइलवरून काढून टाकलंय.

त्या रविवारी आईने स्वतः बोंबील भाजले. भाकरी मी थापली. ती जेवत होती, हिराबायच्या नावाने बोटं मोडत होती आणि मी घास मोजायचं विसरून तिच्याकडे बघत होते. तिने रिकामं ताट पुढे केलं.

"बघत काय बसलीस? आणखी एक वाढ."