आधी पोराईले सांगा

श्री. नामदेवरावजी ढोके यांची आणि माझी पहिली भेट झाली तेव्हा मी त्यांच्या हातात प्रवेशाचा अर्ज ठेवला होता. सौंसरच्या आमच्या महाविद्यालयात प्राचार्य म्हणून रुजू होऊन मला आठवडाही झाला नव्हता. अठरा वर्षांवरच्या बौद्धिक दिव्यांग मुलामुलींना रोजचं जगणं आणि हाताला जमेल ते काम शिकवणारी ही संस्था आहे. दारात एक वयस्कर गृहस्थ उभे दिसले. मला वाटलं, कोणाचे तरी आजोबा असतील. "बसा तिकडे, अर्ज भरा, नंबर आला की बोलावते," असं मी सांगितलं. माझा आवाज मुळातच चढा, आम्ही पांढुर्ण्याची माणसं. ते "हाव जी" म्हणाले आणि मुलांना घेऊन आलेल्या आयांच्या रांगेत जाऊन बसले. दुपारी व्यवस्थापन मंडळाच्या बैठकीला गेले, तर हेच गृहस्थ टेबलापाशी बसलेले. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. त्यांनी सकाळच्या प्रसंगाचा चकार शब्द काढला नाही. फक्त म्हणाले, "आया घंटा घंटा बसून राह्यतात, अन् तिथं प्यायले पाणी नाही. माठ ठेवू." दुसऱ्या दिवशी माठ आला.

नामदेवरावजींची सगळी नोकरी पोस्टात गेली. निवृत्तीनंतर ते आमच्या मंडळाचे मानद सदस्य झाले, त्याला आता बरीच वर्षं झाली. अशा मंडळावर नाव असणं म्हणजे पुष्कळांना झेंडावंदनाला पुढची खुर्ची मिळण्याची सोय असते. कोणाला राग येत असेल तर येऊ द्या, मी पाहिलं ते लिहिते आहे. नामदेवरावजी मात्र बैठकीच्या दिवशी सकाळीच येतात आणि वर्गावर्गातून फिरतात. कागदी पिशव्यांच्या वर्गात मुलांबरोबर खळ लावायला बसतात. त्यांची पिशवी हमखास वाकडी होते आणि मुलं त्यांना रागावतात. ते निमूटपणे उकलून पुन्हा चिकटवतात.

बैठकीत त्यांचा एकच हट्ट असतो. कुठलाही ठराव मंजूर होण्याआधी तो मुलांना समजेल अशा शब्दांत, त्यांच्या वर्गात जाऊन सांगायचा. "आधी पोराईले सांगा," हे त्यांचं वाक्य आता आमच्या शिपायालाही पाठ आहे. एकदा एका मोठ्या पाहुण्यांच्या स्वागताला मुलांनी फाटकापासून दोन रांगा करून उभं राहावं, असा ठराव आला. वैशाख लागला होता. नामदेवरावजी म्हणाले, "ठीक आहे. पोराईले जाऊन सांगा का पाहुणे येईपर्यंत उन्हात उभं राहा, बसायचं नाही. कोण जाऊन राह्यलं सांगाले?" कोणीच उठलं नाही. ठराव तिथंच बारगळला. पाहुणे आले, आत येऊन बसले आणि त्यांना काहीही कमी वाटलं नाही.

या हट्टापायी आमच्या बैठका लांबतात. एखादे सदस्य घड्याळ पाहतात, एखादे फोन घेऊन बाहेर जातात. खोटं कशाला बोलू, मीही कंटाळत असे. मुलांना बैठकीतलं काय कळणार, असं मला, एवढी शिकलेली असूनही, मनातून वाटत असे. माझ्या यजमानांचं नागपूरला ऑपरेशन झालं तेव्हा हेच गृहस्थ रोज माझ्या कचेरीत येऊन बसले आणि पालकांना उत्तरं देत राहिले. मी परतले तेव्हा टेबलावर प्रत्येक पालकाचं म्हणणं सुवाच्य अक्षरात लिहून ठेवलेलं होतं. तरीही त्यांच्या त्या वाक्याचं मोल मला कळलं नव्हतं. ते वैशालीमुळे कळलं.

वैशाली बोरगावची. वडील लहानपणीच गेले, आई सुनंदाबाई संत्र्याच्या बागांत तोडणीला जात. त्या रोज लेकीला बसनं सौंसरला सोडत आणि संध्याकाळी न्यायला येत, म्हणजे अर्धी मजुरी बुडायची. प्रवेशाच्या दिवशी त्या मला म्हणाल्या होत्या, "मॅडम, मी आहो तोवर ठीक आहे. माझ्यामागं इचं कसं होईन?" हा प्रश्न आमच्याकडे येणारी प्रत्येक आई विचारते. मी दरवेळी "होईल हो सगळं नीट" म्हणते आणि नजर चुकवते.

मुलांना एकट्यानं बसनं यायला-जायला शिकवावं, ही कल्पना नामदेवरावजींची. सहा महिने शिकवल्यावर वैशाली एकटी जाऊ लागली. तिच्या गळ्यात एक कार्ड असे, त्यावर कॉलेजचा आणि घरचा फोन नंबर. बोरगावची गाडी स्टँडवर ठरलेल्या जागी लागते, ती जागा तिनं डोक्यात बसवली होती. आमची चूक तिथंच झाली. शनिवारी जामसांवलीला मारुतीच्या दर्शनाची गर्दी असते, जादा गाड्या सुटतात, हे इथल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. पण एका शनिवारी जामसांवलीची गाडी त्याच जागी लागेल, हे आमच्या कोणाच्या डोक्यात आलं नाही. वैशाली तिच्यात बसून गेली.

चार वाजता सुनंदाबाईंचा फोन आला की पोरगी घरी पोचली नाही. त्यानंतरचा एक तास मी कसा काढला, ते मला सांगता येणार नाही. पाच वाजता जामसांवलीहून फोन आला, वैशाली तिथं आहे. आम्ही जाऊन तिला आणलं. सुनंदाबाई फाटकातच मला म्हणाल्या, "तुमाले सांभाळणं होत नसन तं तसं सांगा ना बाई."  सोमवारी तातडीची बैठक लावली आणि ठराव मीच लिहिला: यापुढे एकाही विद्यार्थ्याला एकट्यानं सोडायचं नाही, पालक आल्याशिवाय फाटक उघडायचं नाही. सगळे सदस्य सहीला तयार होते.

नामदेवरावजी म्हणाले, "आधी पोराईले सांगा."

मी भडकले. "काका, पोरगी हातची गेली असती. तुम्हाला नियमाचं पडलंय?" मी सगळ्यांदेखत त्यांच्यावर ओरडले. ते शांतपणे म्हणाले, "मॅडम, तुमचं चुकते असं म्या म्हटलं नाही. वैशालीले सांगून या, मी सही करतो."

मी तावातावानं वर्गात गेले. वैशाली पिशव्या मोजून गठ्ठे बांधत होती. मला पाहून तिनंच विचारलं, "मॅडम, शनिवारी कोणत्या गाडीत बसू?" तिच्या मनात जाणं बंद होण्याचा विचारच नव्हता. तिला फक्त पुढच्या शनिवारचं विचारायचं होतं.  मी परत बैठकीत आले आणि म्हणाले, "नाही सांगता आलं."

तेव्हा नामदेवरावजींनी सांगितलं की रविवारी ते जामसांवलीला जाऊन आले होते. देवळाबाहेर नारळ विकणाऱ्या बाईंना भेटले होते. त्या बाई म्हणाल्या होत्या, "पोरगी रडली गिडली नाही जी. दुकानाशी आली, गळ्यातलं कार्ड मले दाखवलं अन् म्हणे, फोन लावा. मंग मी तिले पाणी देल्लं, बसवलं." शिकवलेलं सगळं वैशालीनं बरोबर केलं होतं. चुकलो होतो आम्ही, कारण आम्ही तिला जागा ओळखायला शिकवलं आणि विचारायला शिकवलं नाही. शनिवारपासून मी नुसती भीत होते, त्या पोरीनं काय केलं हे मी कोणाला विचारलंही नव्हतं.

ठराव मागे घेतला. सुनंदाबाईंना बोलावून नामदेवरावजींनी त्यांना सगळं सांगितलं, आणि त्या "तुमी म्हणता तं पाहू," एवढंच बोलल्या. पुढचे कितीतरी शनिवार नामदेवरावजी स्टँडवर येऊन बसले. वैशालीनं आधी कंडक्टरला विचारायचं, मग गाडीतल्या एका बाईला विचारायचं, दोघांचं उत्तर एक आलं तरच बसायचं. ते काही बोलत नसत, फक्त पाहत. त्यांचे गुडघे तेव्हाच दुखत होते. पुढे वैशाली एकटी घरी जाऊ लागली, सकाळी मात्र सुनंदाबाईच तिला बोरगावला गाडीत बसवून देत.

गेल्या हिवाळ्यात सुनंदाबाई गेल्या. दुखणं लांबलं नाही. वैशाली मावशीकडे राहिली, ती त्याच गावात असते. तेरवी झाली. तिला आणायला सोमवारी कोणाला पाठवावं, याचा मी विचार करत होते. सोमवारी सकाळी मी वर्गापाशी गेले, तर वैशाली तिच्या जागेवर बसून खळ लावत होती.

"कोणासंगं आली गं?" मी विचारलं.

"एकटीच. दोघाईले विचारलं," ती म्हणाली. मग पुढच्या पिशवीला खळ लावत म्हणाली, "आई नाही ना आता."

मी बाहेर येऊन नामदेवरावजींना फोन केला.  ते म्हणाले, "त्या माउलीनं पाह्यले पाह्यजे होतं हो मॅडम." आम्ही दोघंही रडत होतो. त्यात लपवण्यासारखं काही नाही.

फाटकाला कुलूप लावायला निघाले होते ती मी, हे या गौरवग्रंथात माझ्या नावानिशी छापून राहावं, अशी माझी इच्छा आहे. माझा ठराव त्या दिवशी मंजूर झाला असता, तर आई गेल्यावर वैशाली घरात बसून राहिली असती, आणि आम्ही तिला सुरक्षित ठेवलं असं समजलो असतो.

नामदेवरावजी, आज आपण पंच्याहत्तरी पूर्ण करत आहात. आपले गुडघे बसच्या पायऱ्या चढायला साथ देवोत, आणि आपल्याला पुष्कळ, निरोगी वर्षं लाभोत. यंदा नऊ नव्या आया आल्या. नऊही जणींनी तोच प्रश्न विचारला. या वेळी मी नजर चुकवली नाही. मी त्यांना वैशालीकडे घेऊन गेले.