नलूवहिनी आणि चिकूचा कोर्स

नलूवहिनींना कुणी कुठलाही बेत सांगितला की त्या विचारायच्या, "म्हणजे शेवटी काय करता येईल?" त्यांना बघायला गेलेल्या माझ्या चुलतभावाने, दादाने, पुढच्या शिक्षणाचा बेत ऐकवला, तेव्हाही हेच विचारलं म्हणे. दादा अजून उत्तर शोधतोय.

तलासरीच्या कॉलेजात त्या वनस्पतिशास्त्र शिकवायच्या, मी वाणिज्य. स्टाफरूममध्ये मला 'सर' म्हणत. 'भाऊजी' म्हणाल्या की समजावं, आपलं काहीतरी चुकलंय.

२०१६ साली चिकूवरचा सर्टिफिकेट कोर्स आखायचं काम माझ्यावर आलं, कारण माझं घर चिकूच्या बागांच्या घोलवडचं. चिकूशी माझा संबंध खाण्यापुरता, हे प्राचार्यांना कोण सांगणार? मंजुरीसाठी समिती यायची होती. रानशेतच्या काही मुली या कोर्सच्या आशेवर थांबल्या होत्या. नाहीतर पॅकिंगच्या मजुरीला जाणं होतंच. मी भराभर डझनभर उद्दिष्टं लिहिली. 'विद्यार्थ्यांना चिकूच्या विपणनाची सर्वांगीण जाण येईल' हे तर वहिनींना दोनदा वाचून दाखवलं.

दुसऱ्या दिवशी त्यांनी चिकूचं क्रेट माझ्या टेबलावर ठेवलं. "भाऊजी, यातले दिल्लीला पाठवायचे वेगळे करा."

मी मऊ, घमघमणारे निवडले. पाठवायचा तर चांगला माल पाठवावा, एवढी जाण मला होती.

"हे वाटेतच सडतील. उद्दिष्टं तुमची आणि कोर्सच्या शेवटी घ्यायची ही परीक्षा तुम्हालाच जमेना. मुलींचं काय करणार?"

मग आधी शेवटची परीक्षाच ठरवली आणि तिथून मागे येत उद्दिष्टं लिहिली. उरली तीन. पहिलं: लांबच्या बाजारासाठी फळ निवडून त्याचं कारण सांगता येईल. समितीतले एक गृहस्थ कुरकुरले, बाकीची कॉलेजं दहा-दहा देतात. वहिनी म्हणाल्या, "दहा लिहिली तर दहा तपासावी लागतात, सर. ही तीन आम्ही तपासणार आहोत." कोर्स मंजूर झाला.

२०१९मध्ये निवृत्त होऊन त्या पुण्याला मुलाकडे निघाल्या. निरोपाला माझं भाषण नको तेवढं लांबलं. भेट म्हणून चिकूचं क्रेट दिलं, तेव्हा वहिनींनी कोर्स केलेल्या सुनीताला हाक मारली. "पुण्याला नेण्याजोगे काढ गं."

सुनीताने शंका आली तिथे साल नखाने खरवडली. आत हिरवं दिसलं ते कच्चं म्हणून बाजूला, मऊ ते प्रवासात टिकणार नाही म्हणून बाजूला. कडक, तयार फळं तिने पिशवीत भरली.

वहिनींनी पिशवी उचलली आणि मऊ चिकू माझ्यापुढे सरकवले. "हे आजच संपवा, भाऊजी. तेवढं तुम्हाला करता येईल."