पत्रकाची खालची ओळ

बाबांनी मला वाचायला शिकवलं ते पत्रकांवर. देऊळघाटच्या आमच्या घरात गोष्टींची पुस्तकं नव्हती, पत्रकांचे गठ्ठे होते. बाबांचा एक नियम होता: पत्रक हातात आलं की आधी सगळ्यात खालची ओळ वाचायची. तिथं प्रकाशक आणि मुद्रकाचं नाव असतं. ते नसेल, तर लिहिणारा भेकड आहे असं समजून पुढं जायचं. बाबांच्या प्रत्येक पत्रकाखाली मुद्रक म्हणून एकच नाव असे, बुलढाण्यातल्या एका प्रेसवाल्या काकांचं.

यंदा ग्रामसभेचं पत्रक मी लिहायला घेतलं. आमच्या वस्तीतल्या नळांचं काम कागदावर पूर्ण झालं होतं आणि नळ कोरडे होते. विहाराच्या ओट्यावर बसून मी अकरा बायकांचं म्हणणं त्यांच्याच शब्दांत टाइप केलं. लॅपटॉप जुना, सेकंडहँड. दोन वाक्यं झाली की अडायचा आणि बायका ताटकळायच्या.

"तुही मशीन तं माह्या गुडघ्यापरीस बेकार हाय, पोरी," त्यांच्यातली सगळ्यात म्हातारी आजी म्हणाली. सगळ्या हसल्या. मला लाज वाटली.

ग्रामसभेच्या आदल्या दिवशी सकाळी एक व्हिडिओ बघत मी लॅपटॉपला वेग आणायला बसले. आधी ड्रायव्हर अपडेट केले. मग पेनड्राइव्हच्या सेटिंगमध्ये जाऊन फाइली झटपट उतरवणारं कॅशिंग सुरू केलं. त्या पर्यायाखाली बारीक अक्षरांत एक ओळ होती. ती मी वाचली नाही. लॅपटॉपमध्ये जागा उरली नव्हती, म्हणून पत्रकाची फाइल कॉपी न करता कट करून पेनड्राइव्हवर टाकली. एरवी रेंगाळणारी हिरवी पट्टी डोळ्यांदेखत भरली. खुशीत मी पेनड्राइव्ह उपसला, लॅपटॉप पिशवीत टाकला आणि बुलढाण्याचा ऑटो पकडला.

प्रेसमध्ये काकांनी फाइल उघडली. वर नाव होतं, आत काहीच नव्हतं.

"रिकामी हाय हे."

"सकाळी होतं सगळं. तुम्हीच उडवलं."

"मी काऊन उडवू?"

"सरपंचाच्या घरच्या लग्नपत्रिका छापता न तुम्ही? मंग त्यायच्या विरोधात कसं छापसान!" एवढ्यावर मी थांबले नाही. बाबांच्या पत्रकांतले दोन शब्द काढून त्यांच्यावर फेकले: विकले गेलेले.

काकांनी फाइल बंद करून पुन्हा उघडून पाहिली. मग म्हणाले, "पेनड्राइव्ह काढतानी इजेक्ट केलता?"

"थे कोन करते?"

"लॅपटॉप आन इकडे."

त्यांनी सेटिंग उघडलं आणि त्या बारीक ओळीवर बोट ठेवलं. कॅशिंग चालू असलं की लॅपटॉप फाइल आधी आपल्याच मेमरीत धरून ठेवतो, सवडीनं पेनड्राइव्हवर उतरवतो, आणि आपल्याला मात्र झालं म्हणून सांगून टाकतो. म्हणून इजेक्ट केल्याशिवाय पेनड्राइव्ह काढू नका, असं तिथं स्पष्ट लिहिलं होतं.

फाइल परत मिळवायला काकांनी दोन प्रोग्राम लावून पाहिले. नुसता कचरा निघाला. मग त्यांनी कोरं पान उघडलं आणि सगळ्यात आधी तळाशी मुद्रक म्हणून स्वतःचं नाव टाइप केलं.

"काका, मी मघाशी..."

"बोल आता. पाच वाजता मशीन बंद होते माही."

मी बोलत गेले. माझा संताप, माझ्या मागण्या, सगळं शब्दन् शब्द आठवत होतं. बायकांचं म्हणणं सातच जणींचं आठवलं. उरलेल्या चौघी मजुरीला गेलेल्या, कुणाचाच फोन लागेना. आजीचं लॅपटॉपवरचं वाक्य तेवढं डोक्यात होतं, पाण्यावरचं नव्हतं.

"तूच लिहून टाक न चार," काका म्हणाले. "तुले काय अवघड हाय?"

अवघड नव्हतंच. पण ते शब्द माझे नव्हते. पत्रक सात जणींचं निघालं.

दुसऱ्या दिवशी ग्रामसभेत आजी नवं लुगडं नेसून आली. तिला वाचता येत नाही. पत्रक माझ्यापुढं धरून म्हणाली, "माहं कुठी हाय, दाखव."

"नाही हाय, आजी. माह्या हातून गेलं."

"आन् हे खाली काय लिहेल हाय?"

"प्रकाशक म्हणून माहं नाव."

तिनं कागदाची घडी घातली. "मंग हे तुहंच पत्रक झालं," ती म्हणाली, आणि ते माझ्या हातात परत दिलं.