बाजूला जायला जागा नव्हती

पाच वर्षांपूर्वी मी तरुण होते. बासष्ट वर्षांची. आता सदुसष्टाव्या वर्षी त्या बाईकडे वळून पाहिलं की वाटतं, हिला कुणीतरी चार गोष्टी सुनवायला हव्या होत्या. पण सुनवणार कोण? बाई ऐकून घेणाऱ्यांतली नव्हती. उगीच का मी तिला ओळखते.

दर हिवाळ्यात ती तीन महिने मस्कतला मुलाकडे यायची. मुलगा आणि सून शहराच्या माबेला भागात राहतात. दोघंही सकाळी अंधारात गाड्या काढून कामाला जातात ते दिवेलागणीला परततात. घरात आठ वर्षांची नात. आता सांगा, सख्खी आजी घरात असताना शाळेतून आलेल्या पोरीने शेजारच्या मल्याळी बाईंकडे का उतरावं? तर त्याच्या आदल्या हिवाळ्यात आजीची एका दुपारी जरा डुलकी लागली होती आणि पोर बेल वाजवून वाजवून शेवटी जिन्यात दप्तरावर बसली होती. एवढंच. सून एका शब्दाने बोलली नाही. दुसऱ्या दिवसापासून स्कूलबस पोरीला शेजारणीच्या हवाली करू लागली. ओरडली असती तर मी भांडले तरी असते. न बोलणाऱ्या सुनेशी भांडायचं कसं, हे कुठल्याच सासूला कुणी शिकवत नाही.

तर त्या बाईला एकच गोष्ट हवी होती. सुनेने एकदा तरी आपणहून म्हणावं, "आई, ही तुमच्याकडे." बस. मग ती शेजारीण गेली उडत.

संधी आली ती डोंगरावर. मस्कतमधली आठदहा मराठी कुटुंबं हिवाळ्यात शुक्रवारी डोंगरात चालायला जातात. उन्हाळ्यात इथे दारापासून गाडीपर्यंत चाललं तरी पुरे होतं, त्यामुळे नोव्हेंबर लागला की माणसं दावणीतून सुटल्यासारखी डोंगराकडे पळतात. त्यांचा म्होरक्या कॅनडात काही हिवाळे काढून आलेला. तिकडे म्हणे सुट्टीच्या दिवशी घोळक्याने बर्फात जातात, पायांना जाळीच्या रॅकेटी बांधून चालतात, नाहीतर लांब पट्ट्या बांधून सपाटीवरून मैलोन्‌मैल सरकत जातात. गृहस्थाने तिकडून बर्फ तेवढा सोडून सगळं आणलं होतं. दोन दोन काठ्या, कानटोप्या आणि नियम. प्रत्येक लहान मुलाची एका मोठ्या माणसाशी जोडी. प्रत्येक मुलाच्या गळ्यात शिट्टी, अडचणीत सापडलं तर तीनदा वाजवायची. आणि सगळ्यांच्या मागे एक माणूस, ज्याने कधीही कुणाच्या पुढे जायचं नाही. त्याला सगळे शेपूट म्हणत.

शेपूट होते एक रत्नागिरीकडचे गृहस्थ. मस्कतच्या गाला भागात त्यांचं गॅरेज आहे. दाराएवढा माणूस आणि आवाज मात्र कुणी झोपलंय अशा बेताचा. जबल शम्स डोंगराच्या वरच्या कच्च्या रस्त्यावर साध्या गाड्या चढत नाहीत, म्हणून आम्ही त्यांच्या जीपमध्ये होतो. वाटेत करक चहा आणि चीज घातलेले पराठे झाले, आणि मागच्या सीटवरून बासष्ट वर्षांच्या बाईने सुरुवात केली.

"आम्ही कॉलेजात राजगड चढलो होतो. साडीत. काठ्या नाहीत नि शिट्ट्या नाहीत."

"मग काय तर," शेपूट म्हणाले. "मावशी, तुमी गडावरच्या नि आमी गॅरेजातले. तुमीच सांभाळा आमाला."

त्या बाईने राजगड अर्ध्यापर्यंत पाहिला होता. तिथे सावलीत बसून पिठलं-भाकरी खाल्ली होती आणि बाकीच्यांच्या चपला राखल्या होत्या. पण चाळीस वर्षांत गड थोडा थोडा करून पुरा चढून झाला होता. असं होतं. सांगता सांगता माणूस वर पोचतो.

वर गाडीतून उतरलो तर वारा असा की डोळ्यांतून पाणी. खडकांच्या खोबणीत पांढरं दव गोठलेलं. मुलं ते नखांनी खरवडून एकमेकांच्या मानेत घालत होती. दोन ओमानी मुली लोकरीच्या गोंड्यांच्या किल्लीच्या साखळ्या विकत उभ्या होत्या. तिथून दरीच्या कडेकडेने एक वाट जाते ती जुन्या ओसाड गावापर्यंत. कड्याच्या पोटात दगडी घरं आहेत, माणसं केव्हाच निघून गेलेली. ते पाहून परत यायचं, असा बेत.

म्होरक्याने जोड्या लावायला घेतल्या. "छोटीबरोबर कोण?" त्याने विचारलं.

सुनेने तोंड उघडायच्या आत बाईचा हात वर. सुनेने नवऱ्याकडे पाहिलं. माझ्या मुलाला नेमकी त्याच वेळी टायरमधली हवा तपासावीशी वाटली.

"आई, वाट अरुंद आहे पुढे," सून म्हणाली.

"मी काय रुंद आहे?"

सगळे हसले. सून पण हसली, आणि चारचौघांत हसल्यावर माणसाला नाही म्हणता येत नाही. हे त्या बाईला चांगलं माहीत होतं. सुनेने पोरीच्या गळ्यातल्या शिट्टीची दोरी एकदा ओढून पाहिली आणि ती पुढे गेली. "ही तुमच्याकडे" असं मात्र ती म्हणाली नाही. माझं लक्ष होतं.

पहिला टप्पा झकास. वाट बैलगाडी जाईल एवढी. मग हातगाडी. मग एका वळणानंतर उजवीकडे डोंगराची भिंत, डावीकडे काहीच नाही, आणि मधे पाट ठेवावा एवढी जागा. बाकीचे भराभर पुढच्या वळणाआड गेले. मी, नात आणि मागे शेपूट.

"आज्जी, बघ, खाली ट्री आहे. शेंगदाण्यासारखा."

मी बघितलं. बघायला नको होतं. झाड शेंगदाण्याएवढं होतं हे खरं, पण ते माझ्या चपलेच्या अंगठ्याखाली होतं. हो, चपला. बूट सुनेने आणून ठेवले होते. बाईला ते पोस्टमनसारखे दिसतात असं वाटलं होतं. मी भिंतीला पाठ लावली आणि हळूहळू खाली घसरत बसले. पुढे जाणं अशक्य, मागे वळणं त्याहून अशक्य.

"मावशी, काय झाला?"

आता इथे कुठलीही शहाणी बाई म्हणाली असती, बाबा रे, मला चक्कर येतेय, हात दे. पण मग हे वळणापलीकडे सुनेला कळणार. पोर हातात मिळून अर्धा तास झाला नव्हता. म्हणून ती बाई म्हणाली, "काही नाही हो. तुम्ही व्हा पुढे. मला जरा बाजूला जायचंय."

त्या भल्या माणसाची नजर तत्काळ जमिनीला. "हां हां," म्हणत, भिंतीला चिकटून, माझ्या पायांवरून जपून पाय टाकत ते गेले आणि वळणाआड दिसेनासे झाले. कधी पुढे न जाणारं शेपूट पुढे गेलं. आपल्यात बाईमाणसाने हे कारण सांगितलं की पुढचे सगळे प्रश्न मिटतात. डॉक्टरसुद्धा इतकं चटकन ऐकत नाही.

नातीने डावीकडे पाहिलं, उजवीकडे पाहिलं.

"आज्जी, पण बाजूला कुठे? बाजू तर नाहीच आहे."

"हळू बोल."

"मग तुला सू नाही आली?"

"नाही."

"सो यू लाइड."

"खाली बस. माझा हात धर."

वळणाआडून बोलणं ऐकू येत होतं. शेपटाने सगळ्या घोळक्याला अडवलं होतं. "कोणी मागे जायचा नाय. मावशी थांबल्यात." मग जराशी कुजबुज, आणि मग आम्हाला अवघडल्यासारखं होऊ नये म्हणून ती सगळी सभ्य माणसं मुद्दाम मोठमोठ्याने क्रिकेटवर बोलू लागली. मी "अहो" म्हणून पाहिलं. आवाज आधीच फुटत नव्हता, त्यात पलीकडे कुणीतरी कुणाला तरी बाद ठरवत होतं. माझी चाहूल जरा लागली असेल, तर त्यांनी आवाज आणखी चढवला. वीस पावलांवर दहा-पंधरा माणसं, सगळी माझ्या भल्यासाठी पाठ करून उभी. मदतीची प्रत्येक वाट मी स्वतःच्या तोंडाने बंद केली होती.

"आज्जी, शिट्टी वाजवू?"

"खबरदार."

पोर शहाणी. बसली. पण आठ वर्षांचं शहाणपण किती वेळ टिकणार? एक शेळी आली. इथल्या शेळ्यांना ही वाट म्हणजे घराची ओसरी. ती मला ओलांडून जाण्याऐवजी माझ्या पिशवीतल्या तिळाच्या वड्या हुंगायला लागली, एक कागदासकट उचलली आणि कडेच्या एका दगडावर जाऊन उभी राहिली. पोरीने माझा हात सोडला आणि उठून तिच्यामागे दोन पावलं गेली.

"इकडे ये."

"वन मिनिट, आज्जी. ती पेपर खातेय."

मी उठायचं ठरवलं. मनात उठलेसुद्धा. पाय तिथेच होते. दोन हातांवर माझी नात, तिच्या बुटापुढे वीतभर खडक आणि त्यापुढे ती शेंगदाण्याएवढी झाडं, आणि मला उठता येत नव्हतं. हात पुढे केला तर तो तिच्यापर्यंत पोचेना. त्या बाईला आयुष्यात पुष्कळदा भीती वाटली होती, पण प्रत्येक वेळी करायला काहीतरी असायचं. धावायचं, रडायचं, निदान कुणाला तरी बोल लावायचा. इथे काहीच नव्हतं. मी एवढंच बघत होते की तिची टाच उचलतेय की टेकलेली आहे.

"शिट्टी वाजव," मी म्हणाले. ते ऐकू जाण्याएवढं निघालं कसं कोण जाणे.

ती वळली. दोन पावलं मागे आली. मी तिच्या स्वेटरची कड मुठीत धरली, ती दुसऱ्या दिवशीपर्यंत सुरकुतलेली होती.

"पण तू नको म्हणालीस. आणि शिट्टी किड्सना ट्रबल असला तरच. रूल आहे. मी ओके आहे."

"मी नाहीये."

"तू तर मोठी आहेस."

"आत्ता नाहीये."

तिने यावर नीट विचार केला. मग गाल फुगवून तीनदा वाजवली.

क्रिकेट थांबलं. "मावशी, झाला काय? मी येऊ?" मग स्वतःच घाबरून, "नाय नाय, मी नाय येत." माझ्या मुलाचाही आवाज आला, "आई, ठीक आहेस ना?" पोटचा मुलगा, आणि तोही पाठ करून. "थांबा, वहिनींना धाडतंय," शेपूट म्हणाले.

म्हणजे ज्या एका माणसापासून लपवायचं होतं, त्या एकाच माणसाला माझ्याकडे यायची मुभा होती.

सून आली. पोरीकडे पाहिलं, स्वेटरवरच्या माझ्या मुठीकडे पाहिलं, चपलांकडे पाहिलं. मग माझ्या डाव्या बाजूला, दरीच्या आणि माझ्या मधे, मांडी घालून बसली. जणू घरी भाजी निवडायला बसलीय.

"झालं नाही अजून, वेळ लागेल," तिने पलीकडे ओरडून सांगितलं. क्रिकेट पुन्हा सुरू झालं.

"मला उठता येत नाहीये," मी म्हणाले.

"उठू नका. बसल्या बसल्याच सरकायचं. लहान मुलं जिना उतरतात तसं."

अशी मी त्या वाटेवरून मागे आले. बुडावर. सून दरीच्या बाजूने, पोर पुढे, भिंतीला एक हात लावून, "गुड जॉब, आज्जी" म्हणत. शेळी मागून. वाट हातगाडीएवढी झाल्यावर उभी राहिले तेव्हा पातळाच्या मागच्या बाजूचं काय झालं होतं ते सांगत नाही. बाकीचे गाव बघून आले. "पोट जरा बिघडलं होतं त्यांचं," सुनेने सगळ्यांना सांगितलं. मला कुणी काही विचारलं नाही. जीपमध्ये शेपटाने ओव्याची पुडी मागे दिली. मी ती सगळी चघळली.

सून त्याबद्दल आजवर बोललेली नाही. पुढच्या शुक्रवारी जोड्या लागल्या तेव्हा पोर शेपटाकडे गेली आणि शिट्टी सुनेने माझ्या गळ्यात घातली.

"ही लहानांना असते ना?" मी म्हटलं.

"लागते त्यांना असते," ती म्हणाली, आणि दोरी ओढून पाहिली.

तेव्हापासून मी जाते ती गाड्या लावतात तिथवर. चटई, थर्मास, पायांत पोस्टमनचे बूट. सगळे दृष्टीआड होईपर्यंत मोजते आणि परत येताना पुन्हा मोजते. मधल्या वेळात काही करता येत नाही. चहा गार होतो. शेजारणीच्या इथे उतरणं पोरीचं दोन वर्षांनी आपोआप बंद झालं, कारण तिला घराची किल्ली मिळाली. म्हणजे सोपवायची वेळ आली नाही आणि निघूनही गेली.

या जानेवारीत पुन्हा त्याच दरीवर गेलो. नात आता तेरा वर्षांची आहे, माझ्याहून उंच, आणि चारचौघांत माझ्याशी मराठी बोलायची तिला लाज वाटते. सगळे निघाले. वाटेच्या तोंडाशी ती थांबली. दरीकडे एकदा बघितलं आणि माघारी फिरली.

"आज्जी बोअर होईल एकटी," ती आईला म्हणाली. "यू गाइज गो."

तिचे हात जॅकेटच्या खिशात होते. बाहेर काढत नव्हती. सुनेने तिच्या खिशांकडे पाहिलं, मग माझ्याकडे. मी थर्मासचं झाकण लावण्यात गुंतले होते, ते लागतच नव्हतं.

"आई, ही तुमच्याकडे," सून म्हणाली, आणि बाकीच्यांना गाठायला भराभर निघून गेली.

आम्ही चटईवर बसलो. मी तिला काही विचारलं नाही. विचारलं असतं तरी मला काय करता येणार होतं? तिच्यासाठी मी ती वाट सपाट करू शकत नाही, तिच्या आणि दरीच्या मधे बसायला मला जमत नाही. वारा सुटला होता. तिने माझी अर्धी शाल ओढून घेतली. थोड्या वेळाने एक शेळी आली आणि आमच्या पिशवीकडे बघत उभी राहिली.

"वड्या आहेत?" तिने विचारलं.

"आहेत."

"तिला नको देऊ," ती म्हणाली, आणि एक हात खिशातून काढून पुढे केला.