खिचडीवर आलेला आळ
कुकरमधून मुगाच्या खिचडीचा वास सुटला की माझं डोकं आजही तापतं. सासूबाईंच्या गुडघ्याचं ऑपरेशन उल्हासनगरच्या एका हॉस्पिटलात झालं होतं आणि मी रोज अंबरनाथहून शेअर रिक्षाने खिचडीचा गरम डबा नेत होते. आठव्या दिवशी त्यांना जुलाब सुरू झाले, दिवसातून दहा-बारा वेळा. नवा गुडघा घेऊन संडासापर्यंत पोचणं जमायचं नाही आणि त्या लाजेने रडायच्या. मोठे डॉक्टर फाईल न उघडताच म्हणाले, “घरचं खाणं बंद करा, त्यानेच झालंय.” सगळ्या वॉर्डसमोर नवरा माझ्यावर खेकसला, “काय शिळंपाकं घातलंस आईला?” पहाटे उठून रांधलेला तो डबा भिंतीवर फेकावा असं मला वाटलं. दोन दिवसांनी एका तरुण डॉक्टरीणबाईंनी फाईल नीट वाचली. “अँटिबायोटिक अजून चालूच? वर पित्ताची गोळीही रोज?” त्यांनी शौचाची तपासणी करून घेतली आणि आतड्यात जंतुसंसर्ग निघाला. त्या म्हणाल्या, “या वयात इतके दिवस ही औषधं चालली की पोटातले चांगले जंतू मरतात आणि वाईट माजतात. डब्याचा काही संबंध नाही.” औषध बदललं आणि आठवड्याभरात सासूबाई सावरल्या. मोठे डॉक्टर माझ्याकडे न बघताच राउंड संपवून गेले. घरी येताना नवरा म्हणाला, “जाऊ दे ना, झाली ना बरी.” सासूबाई आता जिने चढतात, त्याचा मला आनंदच आहे, पण ते ‘जाऊ दे’ मी अजून जाऊ दिलेलं नाही.